रस्त्यांची नावे : पाटीवरची आणि तोंडातली

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गाला मी एक साधा निबंध लिहावयास दिला होता : ‘माझ्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता.’ वह्या तपासताना ध्यानात आले की, पाटीवरचे नाव जवळजवळ कोणीच लिहिलेले नाही. ‘आटाचक्कीच्या बाजूने पिंपळाच्या पारावरून जाणारी गल्ली’, ‘नदीकडे उतरणारी जुनी पांधण’ अशी ती नावे होती. एका मुलाने तर एका बोळाच्या नावासाठी पुरी दीड ओळ खर्च केली होती. चूक दाखविण्यासाठी मी लाल शाईची लेखणी उचलली. पण विचारांती ती खाली ठेवली.

कारण लोकांनी ठेवलेली नावे अशीच असतात. पुण्यातील देवांची नावे पाहा. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा! परगावच्या माणसास ही थट्टा वाटते. परंतु मारुतीला शेजारच्या मिठाईवाल्याकडून जिलब्यांची माळ पडत असे, विठोबाच्या आसपास पासोड्यांचा बाजार भरत असे, असे जुने लोक सांगतात. खुन्या मुरलीधराच्या नावामागे तर मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी झालेल्या रक्तपाताची आख्यायिका आहे. लकडी पुलावर आज लाकडाची ढलपीही सापडावयाची नाही. तो संभाजी पूल झाला आहे. तथापि १७६१ साली, पानिपतानंतर, तो लाकडाचा बांधला गेला ही आठवण त्या दोन शब्दांनी जिवंत ठेवली आहे. इंग्लंडातील यॉर्क शहरात ‘व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट’ नावाची एक गल्ली आहे. गल्ली चिमुकली आणि नाव तिच्याहून लांब! तेथील लोक ते नाव अभिमानाने मिरवितात.

मुंबईचा काळा घोडा याहून बोलका आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलविला गेला, तरी जागेने आपले नाव सोडले नाही. पुढे २०१७ साली तेथे नवा घोडा उभा राहिला, तोही स्वाराविना. राजा गेला तो गेलाच. लोकांनी घोडा तेवढा सांभाळला.

आता दुसऱ्या प्रकारची लांब नावे घेऊ. थोरांच्या स्मरणार्थ रस्त्यास नाव द्यावे, यास माझा विरोध नाही. परंतु नाव जितके लांब तितके ते लवकर आद्याक्षरांत विरून जाते. जगन्नाथ शंकरशेट मार्गाचा ‘जे. एस. एस. रोड’ झाला, डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाचा ‘डी. एन. रोड’ झाला. माहीमचा ‘एल. जे. रोड’ म्हणजे लेडी जमशेटजी मार्ग. खाडीत होड्या उलटून माणसे बुडत, म्हणून या बाईने दीड लाखाहून अधिक रुपये स्वतः देऊन माहीमचा बांध घालविला. तो १८४५ साली खुला झाला. आज त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांस ‘एल’ म्हणजे काय हे सांगता येईल? ज्यांचे स्मरण राहावे म्हणून पाटी लावली, तेच त्या पाटीखाली झाकले गेले. त्यापेक्षा आमच्या पणजीची रीत बरी. तेथे नुसती तारीखच रस्त्याला दिली आहे : अठरा जून. १९४६ सालच्या त्या दिवशी मडगावास डॉ. लोहियांनी नागरी स्वातंत्र्याचा लढा पुकारला. तारखेची आद्याक्षरे कोणी करू शकत नाही, आणि नवखा माणूस ‘त्या दिवशी काय झाले?’ असे विचारल्यावाचून राहत नाही.

हे सारे आज मांडण्याचे कारण घरचेच आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याबरोबर नवी कार्यालये येतात, नव्या वसाहती येतात आणि पाठोपाठ नव्या पाट्याही येतात. त्या हिंदीत असणार, हे स्वाभाविक आहे. राज्याची भाषा हिंदी आहे आणि तिच्याशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते एका अक्षरापुरते. आपली जामसावळी पाटीवर ‘जामसांवली’ होते, पिपळा नारायणवारचे ‘पिपला’ होते. माझी घरची भाषा कोकणी. तिच्यातही ‘ळ’ आहे, म्हणून हे मला जरा अधिकच बोचत असेल! पण पाटी मुलाच्या डोळ्यांसमोर रोज असते आणि आजीचा उच्चार फक्त घरात. दहा वर्षांनी दोहोंपैकी कोणता टिकेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

माझे म्हणणे एवढेच की, नवे नाव खुशाल द्यावे. ते पूर्ण लिहावे, खाली एका ओळीत त्या व्यक्तीने काय केले ते सांगावे, आणि त्याखाली लहान अक्षरांत लोकांच्या तोंडचे जुने नाव ‘ळ’सकट लिहावे. पाटी थोडी मोठी करावी लागेल, पत्रा थोडा अधिक लागेल, इतकेच.

पाट्या रंगविणे आपल्या हाती नाही. वही मात्र आहे. नववीच्या त्या निबंधांतील नावे मी एका जाड वहीत उतरवून ठेवली असून ती ग्रंथालयात ठेविली आहे. सावरगावच्या बाजूची पाने अजून कोरी आहेत. तिकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांस विचारून ती भरावीत. नाव दीड ओळीचे झाले तरी चालेल.