निघण्यापूर्वी ठरवावी परतीची अट

कार्तिकातील प्रबोधिनी एकादशी जवळ आली, की अनेक मराठी घरांत नर्मदा परिक्रमेची लगबग सुरू होते. चातुर्मास सरल्यावर परिक्रमावासी वाटेला लागतात. निघणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या लक्षणीय असते. नोकरीतून निवृत्ती मिळालेली असते, मुले मार्गी लागलेली असतात आणि वर्षानुवर्षे मनात जपलेली इच्छा पुरी होण्याच्या बेतात असते. घरातल्यांच्या मनात मात्र कौतुकाबरोबर धास्तीही असते. अशा वेळी शेवटचा आठवडा बहुधा पिशवी भरण्यात संपतो. त्या आठवड्यात प्रकृतीच्या दृष्टीने काय करावे, याचा आज विचार करू.

प्रथम वाटेचे स्वरूप ध्यानी घ्यावे. ओंकारेश्वरी संकल्प सोडून नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने निघालेला यात्रिक बडवानी मागे टाकून सातपुड्यात शिरतो. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांचा हा डोंगराळ भाग शूलपाणीची झाडी म्हणून परिचित आहे. महाराष्ट्राच्या सीमेवरून नर्मदा अवघी ५४ किलोमीटर वाहते, ती याच जिल्ह्याच्या उत्तर अंगाने. सरदार सरोवराच्या पाण्याखाली काठालगतच्या जुन्या वाटा गेल्याने आता डोंगरधारा चढाव्या-उतराव्या लागतात. पाडे विखुरलेले आहेत, दूरध्वनीचा संपर्क अनेक ठिकाणी मिळत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी बोचरी असते. म्हणजे ओंकारेश्वराहून निघणाऱ्याच्या वाट्याला हा खडतर टप्पा आरंभीच्या काही आठवड्यांतच येतो. शरीर पुरते सरावलेले नसताना येतो.

हृदयतपासणी, रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाचे कार्य आणि डोळे यांची तपासणी महिनाभर आधीच उरकलेली असावी. शेवटच्या आठवड्यात नवे औषध, नवे पादत्राण किंवा नवा व्यायाम सुरू करू नये. जे बूट पायांत किमान महिनाभर रुळले आहेत, तेच घालून निघावे. पिशवी भरून झाल्यावर ती काट्यावर ठेवावी. ज्येष्ठांनी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक भार घेऊ नये. साठ किलोच्या व्यक्तीला सहा किलो पुरेत. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन दोन दिवस सकाळी तासभर चालावे. खांदा किंवा गुडघा काय सांगतो, ते घराजवळ असतानाच कळलेले बरे.

औषधांची यादी मूळ नावे, मात्रा व वेळांसह स्वच्छ अक्षरांत लिहावी. एक प्रत खिशात, एक पिशवीत आणि एक घरी ठेवावी. वाटेत आश्रमांतून व गावांतून प्रेमाने भोजन मिळते. परंतु त्याची वेळ निश्चित नसते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दिवसभराच्या चालण्याने साखर आधीच खाली येते, त्यात जेवण लांबले तर ती धोकादायक पातळीला जाऊ शकते. म्हणून मात्रेविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःच्या मनाने ती कमी-अधिक करू नये. घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा जाणवताच, शुद्ध असेल तर, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे आणि बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. ही कृती सोबत्यालाही शिकवून ठेवावी.

दुसरा धोका वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघा दुखला की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवय अनेकांना असते. अंगातले पाणी कमी झालेले असताना, विशेषतः रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर, या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. कोणती गोळी चालेल, हे डॉक्टरांकडून यादीतच लिहून घ्यावे. ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावीत. मधुमेह्यांनी रोज सायंकाळी तळपाय आरशात किंवा सोबत्याकडून पाहून घ्यावेत. पायाची संवेदना मंदावलेली असेल, तर फोड आल्याचे कळतही नाही.

घरी राहणाऱ्यांचीही तयारी हवी. निघणारी व्यक्ती कित्येकदा स्वतःच घरातली शुश्रूषा करणारी असते. पत्नीला इन्शुलिन टोचणारे आजोबा किंवा पतीच्या गोळ्या सांभाळणाऱ्या आजी निघून गेल्यावर ते काम कोण करणार? नुसते सांगून ही जबाबदारी हस्तांतरित होत नाही. शेवटच्या आठवड्यातील निदान चार दिवस नव्या व्यक्तीने ते काम करावे आणि जुन्या व्यक्तीने केवळ पाहावे. दूरध्वनीचे वारही ठरवून टाकावेत. डोंगरात दोन दिवस संपर्क झाला नाही, तर घाबरायचे नाही. किती दिवसांनंतर चौकशी करायची व कोणाकडे, हे कागदावर असावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, संकल्प मोडायचा नसतो. या निष्ठेपोटी छातीतली कळ किंवा पायाची जखम लपवली जाण्याचा संभव असतो. म्हणून परतीची अट घरी, शांत चित्ताने ठरवावी. छातीत दुखणे, विसावा घेतानाही लागणारी धाप, अचानक आलेला गोंधळलेपणा अथवा हातापायातील बळ जाणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. नंदुरबारच्या डोंगराळ भागात धडगाव, मोलगी व अक्कलकुवा येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. पायाची जखम काळवंडली, तीतून पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साखर पुनःपुन्हा उतरू लागली, तर चालणे थांबवावे. ही लक्षणे लिहून त्याखाली निघणाऱ्याने व घरातील एकाने स्वाक्षरी करावी. पुढे वाटेत वाद घालण्याचा प्रसंग येत नाही.

थांबण्याला कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंपरेने परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस दिलेले आहेत आणि त्यात चातुर्मासाचा मुक्काम सांगितलेला आहे. घाई आपली आहे, परंपरेची नव्हे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ही पदयात्रा आरंभली आणि ती अनेक वर्षे खंडाखंडाने केली. टप्प्याटप्प्याने चालणे हाही मान्य मार्ग आहे. ज्यांची प्रकृती परवानगी देत नाही, त्यांनी एखादाच सुगम टप्पा चालावा किंवा वाहनाने परिक्रमा करावी.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री पिशवीत आणखी काय घालावे, याचा शोध थांबवावा. यादी, दूरध्वनीचे वार आणि परतीची अट, हे तीन कागद जागेवर आहेत ना, एवढे पाहावे आणि वेळेवर झोपावे. नर्मदे हर!