तारापूरची भीती, चंद्रपूरची सवय

मागच्या नोंदीत अणुऊर्जेच्या बाजूने दोन ओळी काय लिहिल्या, प्रतिक्रियांचा पाऊस पडला. (पाऊस म्हणजे सात. आमच्या ब्लॉगला तेवढाही पुरतो.) त्यातल्या तीन नातेवाइकांच्या, आणि सगळ्यांचा सूर एकच: "चेर्नोबिल विसरलास का? फुकुशिमा विसरलास का?" नाही विसरलो. पण मंडळी, मला उलट विचारायचंय. चंद्रपूर तुम्हाला कधी आठवलं होतं का, की विसरायची वेळ यावी?

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, कोळशावर चालणारं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, तिच्यात चंद्रपूर चौथं होतं. एकट्या वीज केंद्रामुळे नव्हे, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. पण गंमत बघा, तिथे लोकांना त्रास व्हायला दुर्घटना व्हावीच लागत नाही. सगळं सुरळीत चालू असतं, आणि सुरळीत चालू असतानाच राख आणि धूर माणसांच्या छातीत जात असतो. मग बातमी कशाची छापणार?

आता जरा हिशोब. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण दोन-तृतीयांश किलो कोळसा लागतो. म्हणजे ७०० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने चालवला तर दिवसाला ११ हजार टनांच्या आसपास. भारतीय कोळशात राख भरपूर, म्हणजे रोज तीन-चार हजार टन राख कुठेतरी नेऊन टाकायची. तेवढ्याच ताकदीच्या आपल्या जड पाण्याच्या अणुभट्टीला दिवसाला युरेनियम लागतं ते ३००-३५० किलो. एका छोट्या टेम्पोत मावेल! आणि कार्बनचं म्हणाल तर हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१४ साली दिलेले मधले आकडे असे, की खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, मोठे सौर प्रकल्प ४८ आणि अणुऊर्जा १२.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. २०१८ च्या प्रदूषणाच्या यादीत तारापूर देशात पहिलं आलं. झालं, सापडलं ना? नाही हो. ते आलं शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यांमुळे. बोईसरच्या माणसाला विचारा, रात्री वास कशाचा येतो ते.

चेर्नोबिल १९८६ चं. त्या भट्टीला आपल्याकडच्यासारखं भक्कम बंदिस्त आवरणच नव्हतं. सर्वांत जास्त किरणोत्सर्ग ज्यांना लागला त्यांच्यात अखेरीस ४००० पर्यंत मृत्यू होतील असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २००५ चा अंदाज होता. तो कमी आहे असं म्हणणारेही आहेत. फुकुशिमाच्या वेळी, २०११ साली, जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीने १८ हजारांवर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. किरणोत्सर्गाने झालेला म्हणून सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. मात्र घाईघाईच्या स्थलांतरात आणि नंतरच्या हालांत एकट्या फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून जास्त लोक दगावले, त्यातले बहुतेक म्हातारे. म्हणजे भीतीनेही माणसं मरतात. हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही, भीतीची किंमतही हिशोबात धरा एवढंच म्हणतोय.

"पण सूर्य आहे ना!" (हे आमच्या मावशीचं. मावशी, वाचतेयस ना?) आहेच की. गच्चीवर आधी पॅनेल बसवा, मी टाळ्या वाजवीन. बॅटऱ्याही झपाट्याने स्वस्त होताहेत. पण रात्री आठ वाजता, पावसाळ्यात सलग चार दिवस आभाळ भरलेलं असताना, आज पंखा कशावर फिरतो? मुख्यतः कोळशावर. सूर्याची आणि अणूची भांडणं लावून देणाऱ्यांना हे दिसत नाही की दोघं भांडत बसले की कोळशाचं फावतं. जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केल्या. त्याच वर्षी जानेवारीत ल्युत्सेराट हे गाव लिग्नाइटच्या खाणीसाठी पोलीस आणून रिकामं केलं होतं. त्यांचा कोळसाही कमी होतोय, मान्य. पण आधी काय बंद करायचं याचा क्रम उलटा लावला.

आता आमच्या बाजूच्यांना दोन शब्द. जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा हट्ट कशाला? त्याच जातीची भट्टी खुद्द फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला २००७ साली बांधायला घेतली, २०१२ ला पुरी व्हायची होती, ती जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च मूळ अंदाजाच्या चौपटीच्या आसपास गेला. त्यापेक्षा काक्रापारच्या आपल्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्या बऱ्या. त्यांनाही बारा-तेरा वर्षं लागली, पण निदान त्या आपल्याला बांधता येतात, दुरुस्त करता येतात. कचऱ्याचंही गुळमुळीत बोलू नका. वापरलेल्या इंधनावर आपण पुन्हा प्रक्रिया करतो, उरलेलं काचेत बंद करतो, हे खरं. कायमचं खोल पुरायची जागा अजून नाही, हेही खरं. दोन्ही सांगा.

आणि तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जैतापुरात २०११ च्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. तिथल्या मच्छीमाराला किरणोत्सर्गाचे आलेख दाखवून काय उपयोग? त्याला पोफरणचं काय झालं ते ठाऊक आहे. आधी त्या दोन गावांचा राहिलेला हिशोब चुकता करा, मग माडबनला जाऊन सभा घ्या. मी येईन ऐकायला.

थोरियमबद्दल एकाने विचारलंय. ते पुन्हा कधीतरी, आज हात दुखले.