बिन-पीपीटीचं ट्रेनिंग

परवा आमच्या ऑफिसात 'नो युवर राइट्स' नावाचं ट्रेनिंग झालं. एसी हॉल, प्रोजेक्टर, बफे, शेवटी सर्टिफिकेट. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय शिकलास?" खरं सांगतो, मला फक्त पनीर टिक्का आठवला!

आणि मग आठवलं मेंढा-लेखा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटंसं गाव. १९८०च्या दशकात चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल तिथे गेले आणि देवाजी तोफांसारख्या गावकऱ्यांबरोबर अभ्यासगट सुरू झाला. ना इमारत, ना कोर्स, ना फी. ज्याला रस आहे त्यानं यायचं, वाट्टेल ते विचारायचं. बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचं. फक्त एक गोष्ट तिथे करायची नाही, ती म्हणजे निर्णय! तो ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीनं. बहुमतानंही नाही. आपल्याकडे बॉसचं आधीच ठरलेलं असतं, मग मीटिंग लागते. तिथे बरोब्बर उलटं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या चर्चेनं मिळालं काय? बांबू मिळाला! २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरवला, म्हणजे गावाच्या हक्काचा. २००९मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्कही मिळाला. पण बांबू विकायला न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तिथेच घोडं अडलं. १९२७च्या जुन्या कायद्यात २०१७पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं! पण गावानं नवा कायदा वाचलेला होता. ते मागे हटले नाहीत. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

आणि आपण? गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एकाची नोकरी गेली. नोटीस पीरियड किती, हे त्याला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. सगळे डिग्रीवाले, पण अपॉइंटमेंट लेटर कुणीच वाचलेलं नाही. सह्या मात्र सगळ्यांनी झोकात ठोकलेल्या!

म्हणून ठरवलंय. दर शुक्रवारी सहा वाजता, कँटीनमध्ये, चार जण, एक लेटर, एक क्लॉज. निर्णय काहीच घ्यायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं.

पनीर टिक्का माझ्याकडून!