रोजगार आणि स्वातंत्र्य

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाखांचा जनसमुदाय लोटला होता. तो दिवस जगाच्या लक्षात राहिला तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे. भाषण थोर होते यात शंका नाही; परंतु त्या मोर्चाचे नाव होते ‘रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी मोर्चा’. त्यातला पहिला शब्द लोकस्मृतीतून का गळला, याचा विचार कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

तो शब्द तेथे आला तो ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यामुळे. रँडॉल्फ समाजवादी होते. रेल्वेच्या शयनयानांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय सेवकांची संघटना त्यांनी १९२५ साली उभारली. बलाढ्य पुलमन कंपनीने बारा वर्षे दाद दिली नाही. १९३७ साली मात्र तिला करारावर सही करावी लागली. १९४१ साली वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा त्यांनी नुसता इशारा दिला आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगांतील नोकरभरतीत वर्णभेदास बंदी करणारा हुकूम काढावा लागला. पाठीशी संघटित श्रमिक नसते, तर त्या इशाऱ्याला कोणी भीक घातली असती काय?

१९६३ च्या मोर्चाची प्रत्यक्ष बांधणी बायर्ड रस्टिन यांची. त्यांची समलैंगिकता व पूर्वीचा कम्युनिस्ट संबंध यांवर बोट ठेवून त्यांना पुढे येऊ न देण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा रँडॉल्फ यांनी नेतृत्व स्वतःकडे घेतले आणि रस्टिन यांनाच सहायक नेमले. बेकारांना काम आणि ताशी दोन डॉलर किमान वेतन या मोर्चाच्या ठळक मागण्या होत्या.

१९६४ व १९६५ च्या कायद्यांनी उपाहारगृहांची दारे उघडली, मतदानाचा हक्क सुरक्षित केला. पण खिसा रिकामा असेल तर उघड्या दाराचा उपयोग काय? म्हणून १९६६ साली या दोघांनी दहा वर्षांत दारिद्र्य हटविणारा ‘स्वातंत्र्याचा अर्थसंकल्प’ मांडला. व्हिएतनाम युद्धाच्या खर्चाला त्याने हात घातला नाही, ही त्याची मोठी उणीव. तो अमलात आलाच नाही.

त्या दोन डॉलरांचे मोल आजच्या भावाने पंधरा डॉलरांहून अधिक भरते. अमेरिकेचे संघीय किमान वेतन २००९ साली सव्वासात डॉलर झाले. २०२४ सालीही ते तेवढेच होते. कायदा झाला म्हणजे लढा संपला, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.