वॉटरप्रूफ म्हणे!

कॅमेऱ्याच्या खोक्यावर 'वॉटरप्रूफ' हा शब्द छापणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मारणार नाही. फक्त आमच्या घरातला कुकर दाखवणार आहे.

तारकर्लीला आमचा कॅमेरा पाणी प्याला. खोक्यावर ठसठशीत 'दहा मीटर'. मी कमरेएवढ्या पाण्यात. (मला पोहता येत नाही, ही गोष्ट इथे गैरलागू आहे, पण मेहुणे ती सांगतातच.) सत्तरी उलटलेली आई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरली आणि लाटेला म्हणाली, "मेल्या, चप्पल तरी सोड!" ते फोटो त्यात होते. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं. आत मीठ आणि हिरवा गंज. म्हणतो कसा, "साहेब, पाण्यात नेलात वाटतं?" मग काय वाळवंटात न्यायचा?

गुन्हा माझाही होता, कबूल. बॅटरी बदलायला मी ते झाकण वाळूतच, ओल्या हातांनी उघडलं होतं. सगळा वॉटरप्रूफपणा झाकणाच्या रबरी पट्टीवर उभा! तिच्यावर वाळूचा एक कण, एक केस आला की समुद्राला दार उघडं. उन्हात तापलेला कॅमेरा गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. शिवाय ते 'दहा मीटर' म्हणजे संथ, गोड्या पाण्यातले. लाटा हिशेबात नाहीत! हे सगळं माहितीपुस्तकात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं. पट्टी दरवर्षी बदलून घ्या, हेही पुष्कळ कंपन्या तिथेच कुजबुजतात. 1963 साली निकॉनचा 'निकोनॉस' आला, तेव्हा त्याच्या रबरी कड्या पुसून ग्रीस लावायचं काम मालकाचंच होतं. पण ते त्याला ठाऊक तरी होतं!

सौ. म्हणाली, "कुकरची वाफ गेली की मी आधी रिंग बघते. आणि लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू देते का कधी तुम्हाला?"

एवढंच खोक्यावर छापा की! 'वॉटरप्रूफ' खोडा आणि लिहा : लोणच्याची बरणी समजून वापरणे.

नवा कॅमेरा सौ.च्या ताब्यात आहे. समुद्रावरून आलं की तो झाकण बंद ठेवूनच तासभर गोड्या पाण्याच्या बादलीत पडतो, मग पुसून सावलीत वाळतो. त्याआधी झाकणाला हात लावायची कुणाची छाती नाही. मेहुण्यांनी विचारलं, "डाळ भिजत घातलीय का?"

आई मात्र पुन्हा पाण्यात उतरायला तयार नाही. म्हणते, "एकदा काढलास ना फोटो?"