श्रमदान आणि निर्णय

हिवाळा आला की महाविद्यालयांतील मुले फावडी-टोपल्या घेऊन एखाद्या खेड्यात सात दिवस मुक्कामास जातात. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासूनचा हा परिपाठ आहे. मुले मनापासून राबतात. परंतु समारोपाचे भाषण आटोपते, मुले परततात आणि पुढच्या पावसाळ्यात उपसलेले गटार पुन्हा तुंबते. अशा शिबिरांना अनेकदा गेलेल्या प्रस्तुत लेखकास हा दोष मुलांचा वाटत नाही, गावकऱ्यांचाही वाटत नाही. गटार कोठे खणावे व कोणी राखावे, हे ज्यांना कोणी विचारलेच नाही, त्यांनी ते आपले का मानावे?

स्वयंसेवेचा विषय निघाला की अमेरिकेचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. १८३१ साली तेथे गेलेल्या तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंतास, लहानसहान कामासाठीही नागरिक मंडळ स्थापन करतात याचे नवल वाटले होते. त्याच देशात ही वृत्ती ओसरत असल्याची चिंता रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली सविस्तर मांडली. आपणांस मात्र धड्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही.

धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षांपासून फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याचे पाणी कालव्याने फडांत यावयाचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाणी कमी असल्यास किती फड भिजवावयाचे हे मिळून ठरवावयाचे. कालव्याचा गाळ काढण्यास प्रत्येक लाभधारकाने हातभार लावावयाचा. पाटकरी, हवालदार, जागल्या यांची नेमणूक शेतकरीच करीत. राबणारा आणि ठरविणारा एकच असल्याने कालवा वाहता राहिला. या व्यवस्थेत भूमिहीनास स्थान नव्हते, हे विसरून चालणार नाही. पुढे विहिरी, मोटारी आणि धरणे यांनी फडांची घडीही विस्कटली.

तरीही त्यामागील तत्त्व कालबाह्य झालेले नाही. सामाईक साधनसंपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम करून ती दीर्घकाळ सांभाळू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने तर हे गेल्या तीन दशकांत प्रत्यक्ष करून दाखविले. उजाड झालेले जंगल गावाने राखले, वृक्षतोडीस दंड गावानेच ठरविला. या कार्याचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

श्रम फुकट मिळाले म्हणजे काम स्वस्तात झाले, असे अर्थशास्त्र मानीत नाही. दरवर्षी तेच गटार उपसण्यात विद्यार्थ्यांचे दिवस खर्ची पडत असतील, तर तो तोटाच होय. म्हणून शिबिराचे काम आधी ग्रामसभेने ठरवावे. त्या सभेत स्त्रिया व भूमिहीन यांचे म्हणणे नोंदविले जावे. महाविद्यालयाने निदान तीन वर्षे गाव बदलू नये आणि मागील वर्षीच्या कामाचे काय झाले, याचा हिशेब पुढील शिबिराच्या पहिल्या दिवशी मांडावा. यात वेळ जाईल, वादही होतील. ते सोसावयास हवेत.

एरंडोलच्या अंजनी नदीचे पात्र झाडावयास उद्या शंभर मुले देता येतील. परवा तेथे कचरा पडू न देण्याचे नियम काठावरील वस्त्यांनी एकत्र बसून आधी करावेत. मुलांच्या हाती झाडू त्यानंतर द्यावा.