पॅलेडियम, पारा आणि "ह्याचा उपयोग काय?"

आपल्या आयटीवाल्यांना एक वाईट खोड आहे. कोणी काहीही सांगायला लागलं की दुसऱ्या मिनिटाला आपण विचारतो, "बरं, पण ह्याचा उपयोग काय?" प्रोजेक्टच्या बाबतीत ठीक आहे. क्लायंट पैसे मोजतो, त्याला उत्तर द्यावंच लागतं. पण आता हाच प्रश्न आपण केमिस्ट्रीत पीएचडी करणाऱ्या मावसबहिणीलाही विचारतो. त्यात "प्रॉडक्ट कधी निघणार?" आणि "आमच्या टॅक्सच्या पैशातून हे का पोसायचं?" ही जोडशेपटं असतातच. हापिसात जेवताना हे इतक्यांदा ऐकलंय की आज एकदाच काय ते सविस्तर भांडून घेतो.

भांडणासाठी एकच उदाहरण पुरे आहे. हेक अभिक्रिया. (नाव अर्धवट आहे, त्यावर पुढे येतोच.)

आधी ही भानगड काय ते बघू. बारावीची केमिस्ट्री विसरला असाल तरी चालेल. बेन्झीनचं चपटं षटकोनी कडं आठवतंय? त्याच्या एका कोपऱ्यावर आयोडीन किंवा ब्रोमीन बसवा. हे झालं अरिल हॅलाइड. दुसरीकडे अल्कीन, म्हणजे ज्यात दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेत असा रेणू. आपल्याला कड्याचा कार्बन अल्कीनच्या कार्बनला जोडायचाय. पण ही मंडळी आपणहून एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. कड्यावरचा हॅलोजन साध्यासुध्या उपायांनी जागचा हलत नाही.

इथे पॅलेडियम येतं, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं. आधी ते कड्याचा कार्बन आणि आयोडीन यांच्या मध्ये शिरतं. मग अल्कीनला जवळ ओढून दोन्ही कार्बनची गाठ मारून देतं. मग एक हायड्रोजन स्वतःकडे घेऊन बाजूला होतं, आणि दुहेरी बंध परत तयार होतो. पॅलेडियमकडे उरलेला हायड्रोजन आणि आयोडीन भांड्यातला बेस उचलतो. पॅलेडियम मोकळं, चाललं पुढच्या लग्नाला! म्हणून शंभर रेणूंमागे पॅलेडियमचा एखादा अणू पुरतो, कित्येकदा त्याहूनही कमी.

आता उपयोग. पावसाळ्यात ॲलर्जी आणि दम्यासाठी निम्मं शहर जी मॉन्टेल्युकास्टची गोळी घेतं, ती तयार करायच्या मर्कच्या कृतीत ही पायरी आहे. पाठ धरली की आपण नॅप्रोक्सेन घेतो. ते मोठ्या प्रमाणावर बनवायच्या एका कृतीत ब्रोमीनवाल्या नॅफ्थलीनला इथिलीन जोडतात, ह्याच पद्धतीने. २०१० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल रिचर्ड हेक, एइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना मिळालं, ते पॅलेडियम वापरून कार्बन-कार्बन जोडण्याच्या ह्या आणि अशाच पद्धतींसाठी.

"बघ, उपयोग आहे ना? मग आमचा प्रश्न बरोबरच होता!" असं म्हणायच्या आधी जरा थांबा. हाच प्रश्न १९६८ मध्ये विचारून बघा.

१९६८ मध्ये हेक अमेरिकेत डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला हर्क्युलीस नावाच्या कंपनीत होते. कंपनी मूळची दारूगोळ्याची. त्या वर्षी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये ओळीने सात पेपर छापले, सातही एकट्याच्या नावावर. त्यात होतं काय? कड्याला आयोडीन नाही, चक्क पारा जोडलेला. पारा विषारी, आणि तोही चिमूटभर नाही, जेवढा माल तेवढा पारा. पॅलेडियम महाग, आणि ते पुन्हा वापरायचं तर सोबत तांब्याचं क्लोराइड घाला. एवढा खटाटोप करून जे रेणू मिळाले, त्यातले कित्येक आधीपासूनच माहीत असलेले.

आता आपल्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे भरा. बिझनेस इम्पॅक्ट? शून्य. रोडमॅप? नाही. रिस्क? पारा. रेटिंग तुम्हीच द्या :)

पाऱ्याशिवाय हे जमतं, हे पुढच्या चार वर्षांत कळलं. ते आधी छापलं हेक यांनी नव्हे, तर टोकियोच्या त्सुतोमु मिझोरोकी यांनी, १९७१ मध्ये. आयोडोबेन्झीन, अल्कीन, थोडं पॅलेडियम क्लोराइड, पोटॅशियम ॲसिटेट, मेथॅनॉल आणि १२० अंश तापमान. १९७२ मध्ये हेक आणि नॉली यांनी स्वतंत्रपणे केलेलं काम छापलं, जास्त सोयीच्या परिस्थितीत, आणि त्यात मिझोरोकींच्या पेपरचा उल्लेखही केला. १९७४ मध्ये हेक यांनी फॉस्फीन घालून स्वस्तातल्या ब्रोमाइडवरही हे चालवून दाखवलं. मिझोरोकी १९८० मध्ये गेले, पन्नाशीही न गाठता. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. म्हणून नीट नाव घ्यायचं तर मिझोरोकी-हेक अभिक्रिया म्हणावं, आणि मी तरी तसंच म्हणणार.

हेक यांचं पुढे काय झालं? १९७१ पासून ते डेलावेअर विद्यापीठात होते. हळूहळू संशोधनाला अनुदान मिळेनासं झालं आणि १९८९ मध्ये, साठीच्या आत, ते निवृत्त झाले. पुढे फिलिपिन्सला राहायला गेले. २०१५ मध्ये मनिलात वारले. म्हणजे ज्या कामाला पुढे नोबेल मिळालं, ते करणाऱ्या माणसाला "ह्याचा उपयोग काय?" वाल्या व्यवस्थेने एकवीस वर्षं आधीच घरी बसवलं होतं. प्रश्न तुमचाच होता, आणि उत्तर साफ चुकलं.

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत.

एक : "एका हेकमागे शंभर फुकट गेलेले असतात, त्यांचं काय?" अगदी मान्य, असतातच. पण १९६८ मध्ये त्या एकशे एकातून हेक निवडून दाखवा ना! जे छापून आलं ते तर पारा आणि तांबं. आणि हेच काम जगाच्या दोन टोकांना दोघांनी केलं, हे विसरू नका. बऱ्याच लोकांना, बऱ्याच ठिकाणी, धातू घेऊन खेळायला मोकळीक होती म्हणून ते सापडलं. एकच 'विनर' हेरून त्यालाच पैसा दिला असता तर सापडलं असतं का, मला शंका आहे.

दोन : "हर्क्युलीस खाजगी कंपनीच होती की!" होती. पण त्या कंपनीने हेक यांना धातूंच्या रसायनावर काम करायची मोकळीक दिली आणि निकाल जगजाहीर छापू दिले. तुमच्या कंपनीत एका माणसाला पाच वर्षं असं बसू देतील? माझ्या तर नाही देणार. क्वार्टर संपला की विचारतील.

तीन, सगळ्यात लाडका : "आपला गरीब देश, आपल्याला परवडत नाही." आपण २०२०-२१ मध्ये संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च केला. हा आकडा उधळपट्टीचा वाटतो का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवकल्पनांसाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच झालं. पण ती मुख्यतः खाजगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचा पैसा देण्यासाठी आहे, आणि तंत्रज्ञान सिद्धतेच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या प्रकल्पांसाठी, म्हणजे जे प्रयोगशाळेत चालतं असं आधीच दिसलंय त्यांच्यासाठी. १९६८ चे हेक तिथे दारातच अडले असते. योजनेला दोष देत नाही, तिचं कामच ते आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून "झालं की संशोधन" म्हणू नका. पहिल्या तीन पायऱ्या चढायला माणसं आणि पैसा लागतोच. आणि गरीब देशाचं म्हणाल, तर आपल्याकडच्या जेनेरिक औषधांच्या कारखान्यांत ह्या असल्या जोडण्या रोज होतात, कारण कोणीतरी कुठेतरी उपयोग न विचारता पैसे दिले आणि मिळालेलं ज्ञान छापलं. तो आंबा आपण लावलेला नाही. फळं मात्र खातोय.

खर्चाचा हिशोब मागू नका असं मी म्हणत नाहीये. प्रयोग नीट केला का, आकडे खरे आहेत का, दुसऱ्याला तोच निकाल मिळतो का, हे खुशाल विचारा, कडक विचारा. फक्त अजून न सापडलेल्या गोष्टीची डिलिव्हरी डेट मागू नका. आपल्या स्वतःच्या कोडची डेट आपल्याला सांगता येत नाही, आणि तो तर आपणच लिहिलेला असतो!

तेव्हा पुढच्या वेळी मावसबहीण भेटली की "उपयोग काय?" ऐवजी विचारा, "सध्या भांड्यात काय घालतेयस? आणि तुझी फेलोशिप वेळेवर येते का गं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकलंत, तर टॅक्सच्या पैशाबद्दल खरंच भांडण्यासारखं काहीतरी हाती लागेल.